जुन्या चेन सॉमधील तेलगळती : निदान, दुरुस्ती आणि खबरदारी

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' हे चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान धडकले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांत लाखो माड मुळासकट उन्मळून पडले किंवा मध्येच मोडले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुक्कोट्टै व पेरावूरणी या नारळपट्ट्यातील नुकसान सर्वांत मोठे होते. त्यानंतर दीड वर्षाने, ३ जून २०२० रोजी, रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली आणि मंडणगड येथील नारळ-सुपारीच्या बागांची तशीच दशा केली.

पडलेला माड बागेत तसाच पडून राहणे हे केवळ अडचणीचे नसते. कुजणारे खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचे प्रजननस्थान. त्यात घातलेल्या अंड्यांतून अळी, कोष आणि पूर्ण भुंगा अशा अवस्था साधारणपणे चार ते सात महिन्यांत पूर्ण होतात आणि हा भुंगा मग वादळातून वाचलेल्या माडांच्या कोवळ्या सुईवर हल्ला करतो. त्याने पाडलेल्या छिद्रांतून सोंड्या भुंग्यालाही वाट मिळते. म्हणून वादळानंतरच्या काही आठवड्यांत खोडे कापून बागेबाहेर काढणे हे पीकसंरक्षणाचेच काम ठरते आणि ते वेळेत होण्यासाठी चेन सॉ चालू स्थितीत असावा लागतो.

कुंभकोणमसारख्या बाजारगावात किंवा कोकणातील तालुक्याच्या ठिकाणी अल्पभूधारक शेतकरी व झाडतोड करणारे कारागीर अनेकदा जुना, वापरलेला चेन सॉ विकत घेतात. अशा यंत्राबाबत सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार एकच असते : "तेल गळते." ही तक्रार कधी अगदी निरुपद्रवी असते, कधी दहा मिनिटांच्या साफसफाईने मिटते, तर कधी ती इंजिन लवकरच जाम होणार असल्याची पूर्वसूचना असते. या तिन्हींतील फरक ओळखता आला, तर अनावश्यक खर्च टळतो आणि अपघातही टळतो. तो फरक कसा ओळखावा, याची क्रमवार माहिती येथे दिली आहे.

चेन सॉमध्ये दोन वेगळी तेले असतात

पेट्रोलवर चालणाऱ्या चेन सॉला दोन टाक्या असतात. एका टाकीत पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेल यांचे मिश्रण असते. हे तेल इंजिनच्या आतील भागांना वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. दुसऱ्या टाकीत केवळ चेनसाठीचे तेल असते. ते बार आणि चेन यांच्यामधील घर्षण कमी करते आणि वापरानंतर परत टाकीत येत नाही. जितके टाकीतून बाहेर पडते तितके सर्व शेवटी जमिनीवर किंवा भुशात जाते.

यामुळे निदानातील पहिला प्रश्न 'गळती कोठून' हा नसून 'गळते आहे ते काय' हा असतो. त्यासाठी गळलेल्या द्रवाचा एक थेंब बोटावर आणि एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर घ्यावा.

- चेनचे तेल दाट व चिकट असते. अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे अलग केल्यास त्याची बारीक तार निघते. कागदावरचा डाग तसाच राहतो.
- पेट्रोलचे मिश्रण पातळ असते, त्याला उग्र वास येतो. कागदावर ते झपाट्याने पसरते, बहुतांश उडून जाते आणि मागे फिकट तेलकट कडे उरते.
- सायलेन्सरजवळचे काळे, डांबरासारखे तेल हे न जळलेले टू-स्ट्रोक तेल असते.

पहिल्या प्रकारची गळती बहुधा खर्चाचा व प्रदूषणाचा प्रश्न असते. दुसऱ्या प्रकारची गळती आगीचा धोका असते. तिसरा प्रकार म्हणजे खऱ्या अर्थाने गळती नसून मिश्रणाचे प्रमाण किंवा ज्वलन चुकत असल्याची खूण असते.

चेनच्या तेलाचा मार्ग

तेलाचा प्रवास समजला की गळतीची जागा शोधणे सोपे होते. टाकीच्या तळाशी जाळी बसवलेले एक टोक असते. तेथून रबरी नळीने तेल ऑइल पंपापर्यंत जाते. हा पंप बहुतेक यंत्रांत क्लचच्या मागे असतो आणि क्रँकशाफ्टवरील मळसूत्री दात्यामुळे फिरतो. पंपातून तेल बाहेर पडून बार जेथे बसतो त्या सपाट भागावरील छोट्या भोकात येते. बारलाही त्याच जागी भोक असते. त्यातून तेल बारच्या खाचेत उतरते आणि चेनचे खाचेत फिरणारे दात ते पुढे टोकापर्यंत ओढून नेतात.

टाकीतून तेल बाहेर गेले की तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या झाकणात किंवा अंगात एक छोटी श्वासनळी असते. बहुतेक रचनांत ही नळी हवा आत घेते, पण तेल बाहेर जाऊ देत नाही.

म्हणजेच गळतीच्या संभाव्य जागा मोजक्याच आहेत : झाकण, श्वासनळी, नळी, पंप, पंपापासून बारपर्यंतचा जोड, बारची खाच आणि स्वतः टाकी.

किती गळणे स्वाभाविक आहे?

काम थांबवल्यावर बारच्या खाचेत व कव्हरच्या आत उरलेले तेल हळूहळू खाली उतरते. यंत्र रात्रभर ठेवल्यावर खाली तळहाताएवढा डाग पडणे हे अनेक चांगल्या यंत्रांतही घडते. ऑइल पंप हा तोटीसारखा पूर्ण बंद होणारा भाग नाही. त्याच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सूक्ष्म फटीतून थोडे तेल झिरपू शकते.

उष्ण हवामानात याला आणखी एक कारण मिळते. कुंभकोणम परिसरात उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेले यंत्र सकाळपासून दुपारपर्यंत चांगलेच तापते. टाकी अर्धवट रिकामी असेल आणि तिच्यात २०० मिली हवा असेल, तर २५ अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांपर्यंत तापल्यावर ती हवा सुमारे १३ मिलीने प्रसरण पावते. श्वासनळी हवा बाहेर सोडत नसल्याने ही हवा जवळजवळ तितकेच तेल पंपातून बाहेर ढकलते. तेरा मिली म्हणजे अडीच चहाचे चमचे. जमिनीवर सांडले की ते बरेच जास्त दिसते. अनेकदा 'बिघाड' म्हणून दुरुस्तीला आणलेल्या यंत्राचा दोष एवढाच असतो.

याउलट, टाकी काही तासांत रिकामी होत असेल, यंत्र आडवे ठेवताच धार लागत असेल किंवा थंड जागेतही रोज मोठा डाग पडत असेल, तर ती खरी गळती समजावी.

तपासणीपूर्वी

तपासणीला हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, म्हणजे चेन हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. चेन हाताळताना जाड हातमोजे वापरावेत. काम उघड्यावर, चूल, विडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून दूर करावे. दोन्ही टाक्या रिकाम्या करून तेल व पेट्रोल वेगवेगळ्या डब्यांत ठेवावे.

निदानाची क्रमवार पद्धत

जुन्या यंत्रावर वर्षानुवर्षांचा भुसा आणि तेल यांचा थर जमलेला असतो. या थरातून तेल वातीसारखे दूरवर पसरते आणि जेथे ओले दिसते ती जागा गळतीची असतेच असे नाही. म्हणून पुढील क्रम सोडू नये.

१. बाजूचे कव्हर, चेन आणि बार काढावेत. ब्रश, लाकडी काडी आणि कोरड्या फडक्याने सर्व भुसा काढावा. माडाच्या खोडाचे ओले, लांब तंतू क्लचभोवती व कव्हरच्या कोपऱ्यात घट्ट बसतात. ते चिमट्याने ओढून काढावेत.

२. संपूर्ण अंग पुसून कोरडे करावे. नंतर टाकीच्या शिवणीवर, झाकणाभोवती, नळीच्या जागी आणि पंपाखाली टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी हलकी शिंपडावी.

३. केवळ चेन-तेलाची टाकी भरावी. यंत्र स्वच्छ पुठ्ठ्यावर सरळ ठेवून अर्धा तास थांबावे. जेथे भुकटी प्रथम काळवंडते ती गळतीची जागा.

४. काहीच दिसले नाही तर यंत्र आळीपाळीने उजव्या व डाव्या कुशीवर आणि मागील मुठीवर उभे ठेवून तीच तपासणी करावी. एखाद्याच स्थितीत गळत असेल तर त्या स्थितीत तेलाखाली येणारा भाग संशयास्पद ठरतो.

५. बार बसण्याच्या जागेवरील भोकातून तेल येत असेल, तर यंत्र सरळ ठेवून झाकण क्षणभर सैल करावे. 'फुस्स' असा आवाज येऊन गळणे थांबले तर कारण टाकीतील दाब आहे. झाकण सैल करूनही धार चालूच राहिली तर पंप किंवा त्याचे सील यांच्याकडे पाहावे.

६. शेवटी बार व चेन बसवून, यंत्र सुरू करून, बारचे टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यापासून सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर धरावे आणि मध्यमपेक्षा अधिक वेगाने मिनिटभर चालवावे. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल टोकापर्यंत पोहोचते आहे. रेघ उमटत नाही आणि खाली मात्र तेल सांडते आहे, याचा अर्थ तेल वाटेतच बाहेर पडत आहे.

कारणे आणि उपाय

*तुंबलेली खाच किंवा न जुळणारा बार.* जुन्या यंत्रांत प्रथम तपासण्याचे कारण हेच. बारच्या खाचेत भुसा आणि तेल यांचा दगडासारखा घट्ट लगदा बसतो. तेलाला पुढे जाता येत नाही आणि ते बार व यंत्राच्या मधून खाली उतरते. पातळ पत्र्याच्या पट्टीने खाच मुळापासून टोकापर्यंत खरवडावी आणि बारवरील तेलाचे भोक बारीक तारेने मोकळे करावे. बार प्रत्येक वेळी उलटा करून बसवल्यास दोन्ही कडा सारख्या झिजतात. आधीच्या मालकाने दुसऱ्या यंत्राचा बार बसवलेला असण्याची शक्यताही असते. असा बार नटांवर बसतो, पण त्याचे तेलाचे भोक यंत्राच्या भोकासमोर येत नाही. मग पंप कितीही चांगला असला तरी तेल खाली सांडते आणि चेन कोरडी राहून निळी पडते. योग्य बार बसवणे हाच त्यावरील उपाय आहे.

*झाकण.* झाकणाखालील ओ-रिंग तडकलेली, चपटी झालेली किंवा फुगलेली असू शकते. कोणी चुकून तेलाच्या टाकीत पेट्रोल भरले असेल तर ती फुगते. अनेकदा केवळ भुशाचा एक कण बैठकीवर अडकलेला असतो. बैठक पुसावी, ओ-रिंग त्याच मापाची नवी घालावी. उघडबंद करण्यासाठी दांडी असलेल्या झाकणांत आतील चकती आणि वरचा भाग यांची जुळणी सरकली तर झाकण बसल्यासारखे दिसते, पण घट्ट होत नाही. पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे खुणा जुळवून ते पुन्हा बसवावे. पक्कडीने झाकण आवळणे टाळावे. त्याने आटे जातात.

*श्वासनळी.* तिचा झडपेसारखा रबरी भाग कडक होऊन उघडाच राहिला तर तेल तिच्यातूनच बाहेर येते. ती तुंबली तर उलटे घडते : पहिली काही मिनिटे चेनला तेल मिळते, मग टाकीत पोकळी तयार होऊन तेल थांबते आणि झाकण सैल करताच पुन्हा सुरू होते. हा भाग स्वस्त असतो. खरवडत बसण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. तो एम-सील किंवा मेणाने बंद करणे ही मात्र गंभीर चूक ठरते, कारण त्यामुळे गळती थांबल्यासारखी वाटते आणि चेन मात्र तेलाविना चालते.

*तेलाची नळी.* टाकीतून बाहेर येते त्या वळणावर रबरी नळी तडकते. अशा तडा बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. नळीवर सिलिकॉन किंवा टेप लावून उपयोग होत नाही; तेलकट रबरावर काहीच चिकटत नाही. त्याच मॉडेलची नळी घ्यावी, तिच्या कडेला तेलाचा थेंब लावून ती भोकात ओढून बसवावी आणि आतील जाळीही स्वच्छ करावी.

*ऑइल पंप.* पंपापर्यंत जाण्यासाठी क्लच काढावा लागतो. बहुतेक यंत्रांत क्लचचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सुटतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरीचा वेटोळा सिलिंडरमध्ये सरकवावा. लोखंडी वस्तू कधीही घालू नये. पंप सैल झाला असल्यास त्याचे स्क्रू आवळावेत, पंप व अंग यांच्यामधील सील किंवा ओ-रिंग बदलावी. मळसूत्री दात्याचे प्लॅस्टिक झिजले असेल तर तेल येणेच बंद होते. तेलाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू असलेल्या यंत्रांत तो पूर्ण उघडा ठेवलेला असू शकतो. तो कमी केल्याने चालू कामातील वाया जाणारे तेल घटते. एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत तेलाच्या टाकीत थोडेसे तेल शिल्लक राहावे, ही योग्य प्रमाणाची खूण. माडाचे खोड बाहेरच्या बाजूस अतिशय कठीण असल्याने लांब बार वापरताना तेल फार कमी करू नये.

*टाकीचा तडा.* उंचावरून पडलेल्या यंत्रात हा दोष आढळतो. अनेक यंत्रांची टाकी नायलॉन जातीच्या प्लॅस्टिकची असते. त्यावर सामान्य चिकट पदार्थ फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे टाकीचा भाग बदलावा लागतो. व्यावसायिक वापराच्या काही यंत्रांत तेलाची टाकी मॅग्नेशियमच्या क्रँककेसमध्येच असते आणि गळती दोन भागांमधील गॅस्केटमधून होते. तेथे प्रथम सर्व बोल्ट सैल नाहीत ना हे पाहावे. गॅस्केट बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन उघडावे लागते. हे काम अधिकृत सेवाकेंद्राकडेच सोपवावे.

धातूकामाची जुनी परंपरा असलेल्या कुंभकोणमसारख्या गावात एखादा बोल्ट किंवा पितळी बुश लेथवर करून मिळणे कठीण नाही. सील, नळी आणि ओ-रिंग यांबाबत मात्र तसे करता येत नाही. जवळपासच्या मापाची ओ-रिंग थंड असताना बसते आणि तापल्यावर गळते. यंत्राच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक लिहून घेऊन त्याच क्रमांकाचा भाग मागवावा.

पेट्रोलची गळती : काम ताबडतोब थांबवावे

गळणारा द्रव पेट्रोलचे मिश्रण असेल तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र सुरू करू नये. सायलेन्सर अत्यंत तापलेला असतो आणि भोवती कोरडा भुसा असतो. आगीसाठी याहून अधिक काही लागत नाही. पेट्रोलची नळी, झाकणाची ओ-रिंग, पेट्रोल ओढणारा रबरी फुगा आणि टाकीची श्वासनळी या क्रमाने तपासावे. एअर फिल्टर पेट्रोलने भिजलेला असेल तर कार्बोरेटरमधील सुईची झडप कचऱ्यामुळे उघडी राहिलेली असते.

जुन्या यंत्रांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा कडक करते. दमट किनारी हवेत महिनोन्महिने टाकीत ठेवलेले मिश्रण नळ्या व कार्बोरेटरचे पडदे खराब करते. म्हणून महिन्याहून अधिक काळ यंत्र ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे. नळ्या बदलताना इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या मागाव्यात.

पेट्रोल भरताना सांडलेले पुसून घ्यावे आणि यंत्र भरण्याच्या जागेपासून किमान ३ मीटर दूर नेऊनच सुरू करावे.

सायलेन्सरभोवतीचे काळे तेल

मिश्रणात तेल अधिक झाले, एअर फिल्टर तुंबला किंवा यंत्र बराच वेळ मंद वेगात चालवले की न जळलेले तेल सायलेन्सरमधून बाहेर येते. मिश्रणाचे प्रमाण अंदाजाने ठेवण्याची सवय त्यामागे असते. पुस्तिकेत ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मिली आणि ५ लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक तेल लागते. २५:१ सांगितले असल्यास ते दुप्पट, म्हणजे १ लिटरला ४० मिली घ्यावे. हे तेल मोजपात्रानेच मोजावे. गळती कमी व्हावी म्हणून तेल कमी करण्याचा मोह टाळावा. तेल कमी पडल्यास पिस्टन व सिलिंडर ओरखडले जाऊन इंजिन जाम होते.

क्लचमागील ओल : सर्वांत महाग गळती

क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. एक क्लचच्या मागे, दुसरे फ्लायव्हीलच्या मागे. क्लचमागे पातळ, काळपट आणि पेट्रोलचा वास असलेली ओल दिसली तर ती चेनच्या तेलाची नसून या सीलमधून आलेली असते. सील फाटले की जेथून मिश्रण बाहेर येते तेथूनच हवा आतही शिरते. मिश्रण विरळ होते, इंजिन अतिशय तापते. अशा यंत्रात ट्रिगर सोडल्यावरही वेग लगेच खाली येत नाही आणि मंद वेग सतत बदलत राहतो. ही लक्षणे दिसताच यंत्र बंद ठेवावे. सेवाकेंद्रात सुमारे अर्धा बार दाब आणि नंतर तितकीच निर्वात अवस्था देऊन क्रँककेसची तपासणी करता येते. सील स्वतः स्वस्त असते. ते वेळेवर न बदलल्याने जाणारा पिस्टन व सिलिंडर मात्र अनेकदा जुन्या यंत्राच्या किमतीइतका खर्च आणतो.

ब्रेककडे दुर्लक्ष नको

चेन सॉचा ब्रेक म्हणजे क्लचच्या ड्रमभोवती आवळला जाणारा पोलादी पट्टा. कव्हरच्या आत गळणारे तेल आणि भुसा या पट्ट्यावर साचला तर ब्रेकची पकड कमी होते. यंत्राचे टोक झटक्याने चालकाच्या अंगावर उसळते तेव्हा हाच ब्रेक त्याला वाचवतो. म्हणून कोणतीही तेलगळती दुरुस्त केल्यावर पट्टा व ड्रम कोरडे पुसावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक लावून चेन तत्काळ थांबते की नाही हे पाहावे. चेन थांबत नसेल तर ते यंत्र वापरू नये.

चेनसाठी कोणते तेल?

गळती होतेच आहे, तर स्वस्त तेल टाकावे, असा विचार करून गॅरेजमधील वापरलेले इंजिन तेल भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यात धातूचे सूक्ष्म कण असतात. ते पंप झिजवतात आणि पुढच्या गळतीला कारण होतात. शिवाय ते घातक टाकाऊ पदार्थ आहे आणि चेनवरून उडून चालकाच्या त्वचेवर व श्वासात जाते. चेन-तेलाची टाकी पाव लिटरच्या आसपास असली आणि दिवसात सहा वेळा भरली, तर दीड लिटर तेल शेतात पडते. कुंभकोणमभोवती भातखाचरे, विड्याच्या पानांचे मळे आणि कावेरी व अरसलार यांचे पाट एकमेकांना लागून आहेत. तेथे पडलेले तेल एका जागी राहत नाही.

बाजारातील चेन-तेलात ते चेनला धरून राहावे म्हणून चिकटपणा आणणारे घटक असतात. त्यामुळे कमी तेलात काम भागते. वनस्पतिजन्य तेले जमिनीसाठी तुलनेने सौम्य असतात, परंतु सूर्यफुलासारखे तेल यंत्रात दीर्घकाळ राहिल्यास डिंकासारखे घट्ट होऊन पंप अडकवते. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते, त्यामुळे महाराष्ट्रातील हिवाळ्यात ते नळीतच थिजते. खास चेन सॉसाठी बनवलेले जैवविघटनशील तेल वापरणे योग्य. तेही हंगामाअखेर टाकीतून काढावे.

जुना चेन सॉ विकत घेण्यापूर्वी

- यंत्र आदल्या दिवशी स्वच्छ करून ठेवलेले असल्यास दोन्ही टाक्या भरून पुठ्ठ्यावर किमान अर्धा तास ठेवावे.
- कव्हर उघडून क्लचमागील भाग पाहावा व वास घ्यावा.
- बारवरील भोक यंत्रावरील भोकाशी जुळते का, ते पाहावे.
- सायलेन्सर काढता येत असल्यास त्या बाजूने पिस्टन पाहावा. उभे ओरखडे असतील तर सौदा टाळावा.
- टाकीवर एम-सील, सिलिकॉन किंवा वितळवलेल्या प्लॅस्टिकचे ठिगळ आहे का, ते तपासावे.
- मॉडेल क्रमांकाची पट्टी शाबूत असावी. तिच्याविना योग्य सुटे भाग मिळत नाहीत.
- ब्रेक, ट्रिगरची सुरक्षा कळ आणि चेन पकडणारा आकडा चालू स्थितीत असावेत.

झाकण, श्वासनळी, नळी किंवा बार यांचा दोष असेल तर किंमत थोडी कमी करून यंत्र घेण्यास हरकत नाही. क्रँकसील, क्रँककेसचे गॅस्केट किंवा ओरखडलेला पिस्टन असेल तर दुरुस्तीचा अंदाज आधी घ्यावा आणि तो यंत्राच्या किमतीत मिळवूनच निर्णय करावा.

हंगामापूर्वीची तयारी

कावेरीच्या मुखप्रदेशात ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर असतो; तेथे ही तपासणी सप्टेंबरात उरकावी. कोकणात ती मे महिन्याच्या सुरुवातीस करावी. ओ-रिंगा, एक श्वासनळी, दोन्ही नळ्या, एक स्पार्क प्लग आणि एक जादा चेन एवढे साहित्य घरात असले, तर बहुतेक गळत्या घरच्या घरी दूर होतात. वादळानंतर रस्ते बंद असतात, दुकाने बंद असतात आणि सेवाकेंद्रांत रांगा लागतात. त्या वेळी पाच रुपयांच्या रबरी कड्यासाठी काम आठवडाभर अडू शकते.

यंत्र ठेवताना रोजच्या तीन सवयी पुरेशा आहेत : थंड झाल्यावर तेलाच्या टाकीचे झाकण एकदा सैल करून दाब काढून पुन्हा घट्ट करणे, कव्हर उघडून भुसा काढणे आणि यंत्र सावलीत, आडवे न करता सरळ ठेवणे. दीर्घकाळ वापर नसल्यास दोन्ही टाक्या रिकाम्या ठेवाव्यात. एवढे करूनही पुठ्ठ्यावर डाग पडलाच, तर प्रथम तो बोटाने तपासावा : तार निघते की वास येतो, यावरच पुढचे पाऊल ठरवावे.